बाकीचं मोकळं

अण्णांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला तेव्हा ते आधी हसले. सून घरात बसून लोकांचे पडदे शिवते आणि पडदा उसवतो तो सासऱ्याच्याच डोळ्यातला, हा विनोद त्यांना सोडवेना. "तुझ्याच धंद्यातलं काम आहे," ते तिला म्हणाले. "घाल एक टाका. कशाला त्या डॉक्टरीणबाईंच्या दारात जायचं?" सुनेला काही हसू आलं नाही. तरुणपणी किल्ली घासताना उडालेल्या कणानं अण्णांचा उजवा डोळा अधू झाला होता. त्यानं हातभर अंतरावरचं दिसायचं, त्यापुढे सगळा धूर. डावा गेला तर माणूस आंधळा होणार होता. हे त्यांना स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर विनोद चालले होते.

डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन नेटकं केलं. पडदा जागेवर बसवला आणि तो हलू नये म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. बुडबुडा वर चढतो, म्हणून तोंड जमिनीकडे हवं, तरच तो पडद्याला आतून दाबून धरणार. आठवडाभर खाणं, पिणं, झोपणं सगळं मान खाली घालून. "वाकून उचलणं नाही, धावपळ नाही, मान वर नाही," बाईंनी सुनेला बजावलं. "मनाला धक्का बसून उठून पळाले, असंही होता कामा नये. पुन्हा सुटला तर माझ्या हातात काही उरणार नाही." हे सुनेला समजावून सांगायची गरज नव्हती. विरलेल्या कापडात दुसऱ्यांदा टाका धरत नाही, हे ती रोज बघत होती.

"नव्या नवरीसारखी मान खाली," अण्णा म्हणाले. "या वयात तेवढंच राहिलं होतं."

अण्णा म्हणजे किल्लीवाले अण्णा. शहरातल्या निम्म्या दारांना त्यांचा हात लागलेला. दुकान बंद केल्यावर त्यांनी घरामागची जमीन मनावर घेतली. ती त्यांच्या बायकोच्या वाट्याला आलेली, पूर्वी तिथं वीटभट्टी होती. माती काढून काढून खड्डे पडलेले, राखेचे थर, आणि त्यावर कुठून तरी बाहेरून आलेली काटेरी वेल माजलेली. बायको वारली तेव्हा लोकांना वाटलं, आता अण्णा विकून मोकळे होतील आणि तिथं गोदाम उभं राहील. अण्णांनी वेल मुळासकट उपटली. पाणी बाहेर नेणारे चर बुजवून पावसाचं पाणी खड्ड्यांत अडवलं. रस्त्याच्या कडेनं हिंडून इथल्याच गवतांचं बी खिसे भरभरून आणलं आणि पसरलं. वठलेली झाडं तशीच उभी ठेवली, आणि मग हात काढून घेतला. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. "आयुष्यभर दुसऱ्यांची कुलपं उघडली, आता जमिनीचं उघडून बघतो," एवढंच ते म्हणत.

शेजाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. पण वर्षं गेली तसा बोरू पुरुषभर वाढला. पाणकोंबड्या आल्या, साळिंदर आलं, ससे आले. एका वर्षी पाणमांजरांची जोडी आली ती राहिलीच. तेव्हापासून अण्णा रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून डाव्या डोळ्यानं त्या रानाकडे बघत. एरवी तोंडाला उसंत नसलेला माणूस तेवढा वेळ गप्प असायचा. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला या घरातलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर सासऱ्यांचं ते गप्प बसणं. स्वतःच्या बापापेक्षा तिचा या माणसावर जीव होता.

आणि तिच्याच तोंडून निघालेल्या एका शब्दानं ते रान गेलं.

दरवर्षी उन्हाळ्याआधी ट्रॅक्टरवाला येऊन कुंपणालगतची पट्टी कापून जायचा, बाहेरची आग आत शिरू नये म्हणून. तेवढीच पट्टी, बाकी कशाला हात लावायचा नाही. ऑपरेशनला आत नेताना अण्णांना ते आठवलं. "त्याला फोन कर," ते म्हणाले. "सांग, पट्टी काप, बाकीचं मोकळं सोड." सुनेनं दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून फोन लावला. नवरा तिकडे जहाजावर, त्याचे निरोपावर निरोप येत होते. कडेवर लेक रडत होती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. जुन्या पडद्यांच्या शिवणी मोकळ्या करण्यात जिचा जन्म गेला, तिच्या जिभेवर जो शब्द बसलेला होता तोच बाहेर पडला. "पट्टी कापा," ती म्हणाली, "आणि बाकीचं मोकळं करा."

नेहमीचा ट्रॅक्टरवाला असता तर त्यानं उलट विचारलं असतं. पण तो थकला होता आणि आता त्याचा जावई नवं, मोठं यंत्र घेऊन कामं करत होता. जावयानं आपलं एकदा विचारलं, "सगळं?"

"हो हो, सगळं," सून म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

दोन दिवसांनी अण्णांना घरी आणलं तेव्हा ते गाडीच्या मागच्या सीटवर तिच्या मांडीवर पालथे होते. गल्लीच्या वळणावर तिनं मान वर केली. घराच्या मागे आकाश जास्त दिसत होतं. आधी तिला कळेना काय बदललंय, मग कळलं. बोरू नव्हता. वठलेली झाडं नव्हती. खड्डे बुजवून, दाबून सगळं सपाट केलेलं होतं, आणि एका कोपऱ्यात मुळ्या वर केलेला हिरवा ढीग पडला होता. जावयानं काम मन लावून केलं होतं. इतकं स्वच्छ, की कुणीही शाबासकी द्यावी.

"पोचलो का गं?" मांडीवरून आवाज आला.

"पोचलो, अण्णा."

"ट्रॅक्टरवाला येऊन गेला?"

"गेला."

"पट्टी कापली?"

"कापली."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं जसंच्या तसं," ती म्हणाली. आठवडा संपला, डोळा बसला, की सगळं सांगायचं असं तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. खरं बोलायचं तर निम्मी काळजी त्यांच्या डोळ्याची होती आणि निम्मी स्वतःची कातडी वाचवायची होती.

मागच्या खोलीत तिनं बुटक्या खाटेवर गादी घातली. कपाळ टेकवायला चुंबळीसारखी गोल उशी शिवून खाटेच्या कडेबाहेर दोन स्टुलांवर ठेवली, म्हणजे मधल्या पोकळीतून अण्णांना श्वास घेता येईल. त्या पोकळीतून त्यांच्या अधू डोळ्याला फरशी दिसायची, हातभर अंतरावर. आता तेवढंच त्यांचं जग. त्या खोलीत तिचे पडद्यांच्या कापडाचे गठ्ठे भिंतीला लावून ठेवलेले असत. खिडकी तिनं बंद केली आणि तिच्यावर सगळ्यात जाड पडदा ओढला.

"पाणकोंबड्या ओरडत नाहीत का आज?" अण्णांनी विचारलं.

"खिडकी बंद आहे. धूळ नको म्हणाल्यात बाई."

"काचेतूनसुद्धा ऐकू येतात गं त्या."

चहाचा कप फरशीवर ठेवून तिनं त्यांच्या तोंडात नळी दिली.

आधी किडे आले. फरशीच्या सांधीतून भुंगे, रातकिडे, लांब पायांचे कसले कसले. अण्णांना मजा वाटली. "बाजार भरलाय," ते सांगायचे. मग बेडूक आला, त्यांच्या नाकासमोर बसला आणि धपापत राहिला. न्हाणीघरात आणखी बेडूक होते, बादलीच्या मागे एकमेकांना चिकटून. सून ते झाडूनं बाहेर लोटायची आणि मागचं दार लावून घ्यायची, आणि तिला कळायचं की त्यांना बाहेर जायला आता जागाच नाही. सकाळी पुढच्या पायरीवर ससा बसलेला दिसला. भरदिवसा, माणूस समोर असताना तो हलला नाही. तिनं टाळी वाजवली तरी नाही. तिला त्या सशाची भीती वाटली, आणि सशाला भिणाऱ्या बाईला काय म्हणावं हे तिला कळेना.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "बरं झालं हो, साफ करून घेतलंत. किती प्रशस्त वाटतंय!" आणि मग जाता जाता, "तिकडे रस्त्यावर ते तुमचं पाणमांजर का काय ते, गाडीखाली आलंय." सून जाऊन बघून आली. तिनं त्याच्यावर अस्तराचा एक तुकडा टाकला आणि घरी येऊन मशीनवर बसली, पण दोरा काही सुईत जाईना.

घरात मोकळी वावरत होती ती फक्त तिची लेक. नाव काहीही असो, सगळे तिला टिल्ली म्हणत, कारण ती होतीच तेवढीशी. आजोबा मान वर करू शकत नाहीत याचा उपाय तिनं स्वतःच शोधला होता. ती गादीच्या कडेनं सरपटत जाऊन उशीखाली फरशीवर उताणी पडायची, म्हणजे आजोबांच्या तोंडाखाली बरोब्बर तिचं तोंड यायचं. "दिसते का मी?" ती विचारायची. "नाकातला शेंबूडसुद्धा दिसतो," आजोबा म्हणायचे, आणि दोघं खिदळायची. त्यांच्या बरं होण्यात या औषधाचा वाटा मोठा होता, म्हणून सून काही बोलत नसे.

मग चिचुंद्री आली. पिल्लांची रांग मागे घेऊन ती अण्णांच्या नजरेखालून भिंतीकडे गेली. त्या दिवशी अण्णांनी बाजार भरल्याचं सांगितलं नाही. सून जेवण भरवायला बसली तेव्हा त्यांनी घास तोंडात घेतला नाही.

"रान जागेवर असताना चिचुंद्री पोरंबाळं घेऊन माणसाच्या खोलीत येत नाही," ते म्हणाले. "बाहेर काय झालंय?"

"काही नाही हो. ऊन वाढलंय, म्हणून."

"माझ्या डोळ्याची शपथ घे."

तिनं चमचा खाली ठेवला. खरं सांगितलं तर हा माणूस उठणार, भिंत धरत मागच्या पायरीवर जाणार, आणि डोळा जाणार. आठवडा संपत आला होता. आणखी थोडं निभावलं की झालं. "तुमच्या डोळ्याची शपथ," ती म्हणाली, "काही झालेलं नाही." शब्द स्वच्छ बाहेर पडले.

"बरं," अण्णा म्हणाले. "तरी पण एक कर. उंदीर-चिचुंद्र्या येतात तिथं त्यांच्या मागावर दुसरं कोणी येतं. सगळी भोकं बुजव. आणि पोरीला या खोलीत पाठवू नकोस."

तिनं लगेच कामाला हात घातला. काहीतरी करायला मिळालं याचंच तिला बरं वाटलं. न्हाणीच्या मोरीत चिंध्या कोंबल्या, दाराखाली कापडाची सुरळी लावली, खिडकीच्या फटींत कातरणं ठासली, भिंतीच्या कोपऱ्यातलं उंदराचं बीळसुद्धा बंद केलं. शिवणकाम करणारीच्या घरात चिंध्यांना काय तोटा. मुंगीलाही आत यायला वाट राहिली नाही. जे आत होतं त्याला बाहेर जायलाही राहिली नाही, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुढच्या खोलीत मशीनवर होती. एका गिऱ्हाइकाच्या पडद्याची दुमड घालताना तिला मागून टिल्लीचं हसू ऐकू आलं. पोरगी दार ढकलून आत गेली होती. "बाहेर ये गं," म्हणत सून उठली. तेवढ्यात अण्णांचा आवाज आला, अगदी हळू, झोपेतल्या मुलाशी बोलावं तसा.

"टिल्ली, आता दगड दगड खेळायचं हं. हलायचं नाही."

ती दाराशी पोचली. टिल्ली आजोबांच्या तोंडाखाली उताणी पडली होती, पाय कापडाच्या गठ्ठ्यांकडे पसरलेले. तळातल्या दोन गठ्ठ्यांच्या मधून जाड, मातकट साप अर्धा बाहेर आला होता. त्रिकोणी डोकं मुलीच्या पावलापासून वीतभर. खोलीत कुकरची वाफ सुटावी तसा आवाज भरला होता, आणि तो थांबत नव्हता. सुनेला ओरडायचं होतं, धावायचं होतं. तिला यातलं काहीच करता आलं नाही. ती दाराची चौकट धरून उभी राहिली. तिला आयुष्यभर याची लाज वाटणार होती.

टिल्लीला वाटलं, खेळात आजोबा फसवताहेत. ती खुदकन हसली आणि तिनं पाय हलवला.

अण्णांनी दोन्ही हात तिच्या काखेत घातले. डोकं वर, छाती वर, अख्खा माणूस वर उसळला आणि पोरीला छातीशी घेऊन मागे भिंतीवर आदळला. सापाचा फटका खाली पडलेल्या उशीवर बसला. टिल्लीनं भोकाड पसरलं. तिच्या पायाला काही झालं नव्हतं, सुनेनं तो पाय दहा वेळा उलटसुलट करून पाहिला. तोवर साप पुन्हा गठ्ठ्यांत शिरला होता. सुनेनं दोघांना ओढून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

"अण्णा, मान!" ती रडत म्हणाली. "मान खाली घाला ना!"

"राहू दे आता," अण्णा म्हणाले. ते खुर्चीवर ताठ बसले होते. पट्टी त्यांनी स्वतःच्या हातानं काढली आणि डोळा उघडा ठेवून थोडा वेळ थांबले. "खालून काळं चढतंय," त्यांनी शांतपणे सांगितलं. "पोरगी बरी आहे ना?"

डॉक्टरीणबाईंनी खूप वेळ तपासलं. मग हातमोजे काढले, आणि आधी एकदा सांगितलं होतं तेच पुन्हा, जास्त मऊ शब्दांत सांगितलं.

घरी आल्यावर सर्पमित्राला बोलावलं. हा एका शाळेत शिपाई होता आणि फावल्या वेळात लोकांच्या घरातले साप धरायचा. अण्णांशी त्याची जुनी ओळख होती, कारण शहरात कुठंही धरलेला साप तो आणून अण्णांच्या रानातच सोडायचा. आताही त्यानं आत जाऊन गठ्ठे एकेक करून हलवले, आणि थोड्याच वेळात तोंड बांधलेली पिशवी घेऊन तो बाहेर आला. "मादी आहे, अण्णा. पोटुशी असणार," तो म्हणाला. "नेहमीसारखी मागे सोडून येतो."

सून पुढे झाली, पण तिला उशीर झाला होता. त्यानं मागचं दार उघडलं होतं.

"अहो," तो दारातूनच म्हणाला, "इथं तर काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?" अण्णांनी विचारलं.

"मैदान आहे नुसतं. बोरू नाही, पाणी नाही. तुम्हाला माहीत नाही?"

अण्णा उठले. भिंत चाचपत मागच्या दाराशी गेले आणि पायरीवर आपल्या जागी बसले. समोरून गरम धुळीचा वारा येत होता. त्यांनी त्या वाऱ्याकडे तोंड केलं, आणि सुनेला वाटलं की या माणसानं आता आपल्याला शिव्या द्याव्यात, हाताला लागेल ते फेकून मारावं.

"तुम्ही 'मोकळं सोड' म्हणालात," ती त्यांच्या मागे उभी राहून म्हणाली. "मी 'मोकळं करा' म्हणाले. फोनवर. माझ्या तोंडून गेलं, अण्णा."

"सोड," अण्णा पुटपुटले. "करा." दोन्ही शब्द त्यांनी हातात धरलेल्या किल्ल्यांसारखे तपासून पाहिले. "एवढंच?"

"एवढंच." ती खाली बसली, तिनं त्यांचे पाय धरले. "परत उगवेल, अण्णा. तुम्हीच म्हणता ना, मुळं खाली असतात. मी खड्डे पुन्हा खणून घेते. पाणी साठेल, बोरू येईल, कोंबड्या येतील. सगळं परत येईल."

"येईल की," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. "जमीन काही विसरत नाही. येईल सगळं. पण आलं, हे मला सांगणार कोण? तू?"

सर्पमित्र अवघडून उभा होता. पिशवी जड होती आणि आतून हलत होती. त्यानं ती या हातातून त्या हातात घेतली आणि कुठं जायचं ते कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघत राहिला.